सेंट मार्टिनचे आठ तास

लोक विचारायचे, "तुम्ही नक्की काय करता?" मी सांगायचे, "लोकांचे समुद्रकिनाऱ्यावरचे आठ तास ठरवून देते." यावर पुण्यातले नातेवाईक विषय बदलायचे आणि आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावातले शेजारी "लव्हली" म्हणायचे. दोघांनाही काही कळलेलं नसायचं.

म्हणून आधी धंदा समजावते. क्रूझचं जहाज म्हणजे तरंगतं हॉटेल. कॅरिबियनमध्ये ते सकाळी आठच्या सुमारास एका बेटाला लागतं आणि दुपारी चार-पाचला सुटतं. मधल्या वेळात प्रवासी बेटावर उतरतात. जहाजवाल्यांच्या स्वतःच्या सहली असतात, पण त्यात छातीवर नंबराचं स्टिकर लावून चाळीस जणांच्या मागे चालावं लागतं. ज्यांना हे नको असतं, पण एकट्याने जायचं धाडसही होत नाही, असे लोक माझ्याकडे यायचे. मी त्यांना एक कागद द्यायचे. कोणत्या गेटने बाहेर पडायचं, कोणाची टॅक्सी, कोणता किनारा, सावली कुठे, बाथरूम कुठे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत किती वाजता निघायचं. कारण जहाज कोणासाठी थांबत नाही. त्यांच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर थांबतं, तुमची टॅक्सी अडकली तर नाही. उशिरा आलेले लोक धक्क्यावरून पळत येतात, आणि वरच्या बाल्कन्यांतून बाकीचे प्रवासी टाळ्या वाजवत मोबाइलवर त्यांचं शूटिंग करतात. माझ्या दहा वर्षांत माझा एकही माणूस असा पळाला नव्हता. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

आणखी एक गोष्ट मी सांगत नसे. मी कॅरिबियन पाहिलेलं नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आयर्लंडला आले, डिपेंडंट व्हिसावर सुरुवातीला काम करता येत नव्हतं, पुण्यात ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं काढून द्यायचं काम केलेलं होतं, तेवढ्या भांडवलावर स्वयंपाकघराच्या टेबलावर हा उद्योग मांडला. नकाशे, लोकांनी काढलेले फोटो, बेटांवरच्या टॅक्सीवाल्यांशी फोनवर जुळलेल्या ओळखी. खिडकीबाहेर पाऊस, अंगात दोन स्वेटर, आणि मी फोनवर सांगतेय की बारा ते दोन वाळू फार तापते, चपला काढू नका. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये जहाजं थांबली. महिन्याभरात माझी सगळी गिऱ्हाइकं गेली. राहिल्या फक्त दोन, आणि त्या सख्ख्या बहिणी होत्या.

मोठी नोरीन, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डंडॉकला राहायची. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेलं. धाकटी फिलोमिना, म्हणजे फिल, चौऱ्याहत्तरची, किलकेनीत लोकरीचं दुकान चालवून निवृत्त झालेली. नावं मी बदलली आहेत. फ्लोरिडातल्या त्यांच्या भाचीने दोघींना एका क्रूझवर पाठवायचं ठरवलं होतं. एप्रिलमध्ये निघणारी ती क्रूझ रद्द झाली आणि पुढच्या वर्षावर गेली. बाकी सगळी बंदरं जहाजाच्या सहलींबरोबर. फक्त शेवटच्या बंदराचा, सेंट मार्टिन बेटावरचा दिवस माझ्याकडे होता. नोरीन दर मंगळवारी फोन करायची, फिल दर गुरुवारी. त्या एकमेकींशी बोलत नसल्यामुळे मला एकच दिवस दोनदा ठरवावा लागायचा.

"फिलला सांग, मला पाण्याजवळची खुर्ची हवी," मंगळवारी नोरीन.

"नोरीनला सांग, मला सावली हवी. आणि मला ती विमानं बघायचीत," गुरुवारी फिल. त्या बेटाच्या विमानतळाची धावपट्टी अगदी किनाऱ्याला चिकटून आहे. उतरणारं विमान पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून जातं. लोक जगभरातून ते बघायला येतात.

"तिला विमानांचं वेड कधीपासून?" मंगळवारी नोरीन. "ती तर स्पेनला जातानासुद्धा डोळे मिटून बसायची." एवढं बोलून ती हवामानावर घसरली.

स्पेनची गोष्ट मला फिलने पुढे सांगितली. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई आजारी होती, नोरीनकडेच. फिलचं स्पेनचं तिकीट काढलेलं होतं. तिने फोन करून विचारलं, जाऊ का नको. नोरीन म्हणाली, "शी'ज ग्रँड." ग्रँड हा शब्द इथे दिवसातून दोनशे वेळा ऐकू येतो. बरं आहे, ठीक आहे, चालेल, मला त्यावर बोलायचं नाही, सगळ्याला ग्रँड. फिल गेली. तिसऱ्या दिवशी आई गेली. फिलचं म्हणणं, तिने मला सांगायला हवं होतं. नोरीनचं म्हणणं, हिला कळायला हवं होतं. तेव्हापासून फक्त नाताळचं कार्ड.

याच सुमारास माझे सासरेही घरात अडकले होते. ते फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आले, आणि विमानं बंद झाल्यावर त्यांची राहायची मुदत सरकारकडून वाढतच गेली. सासूबाई आधीच वारलेल्या, अकोल्याच्या घराला कुलूप. बाबा लाल गाडीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. छत्तीस वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या, त्याही वेळेवर. अशा माणसाला पोर्टलीशमध्ये, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी असताना, काय करमणार? आठवड्याभरात त्यांनी आमच्या कचऱ्याच्या गाडीचं टाइमटेबल पाठ केलं. ती चार मिनिटं उशिरा आली की खिडकीतून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मान हलवायचे.

एका गुरुवारी माझा फिलशी फोन चालू होता. ठेवल्यावर ते म्हणाले, "पोरी, तू गेली होती काय तिथं?"

दहा वर्षांत हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच. "नाही बाबा."

"मंग टाइमटेबल कशाच्या भरवशावर लावून राह्यली?"

"नकाशावर. त्यात मिनिटं दाखवतात."

"मी रस्ता सायकलनं पाह्यल्याबिगर एकही नवी गाडी सोडली नाही," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले. मला इतकी लाज वाटली की मी त्याच दुपारी रॉयला फोन लावला.

रॉय म्हणजे सेंट मार्टिनचा टॅक्सीवाला. चौदा सीटची व्हॅन. पाच-सहा वर्षं माझी माणसं तोच न्यायचा. जहाजं बंद असल्यामुळे तोही घरी बसलेला. मी म्हटलं, बंदरापासून किनाऱ्यापर्यंत व्हिडिओ कॉल लावून गाडी चालवशील का, माझ्या सासऱ्यांना रस्ता बघायचाय. तो म्हणाला, शुअर, नाहीतरी व्हॅनची बॅटरी उतरायला आलीय.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर दर शनिवारी रॉय रिकामी व्हॅन घेऊन निघायचा आणि बाबा पोर्टलीशला टेबलाशी वही, पेन आणि मोबाइल घेऊन बसायचे. बाबांचं इंग्रजी आगारातलं, रॉयचं बेटावरचं. सुरुवातीचे दोन शनिवार मी दुभाषी होते, मग त्यांनी मला उठवलं. क्रिकेटवर त्यांचं फार जमलं. मध्येच बाबा म्हणायचे, "स्टॉप. व्हाय स्टॉप?" आणि रॉय सांगायचा, "ब्रिज, मॅन. ब्रिज इज ओपन."

हा पूल समजून घ्यायला हवा. बेटाच्या पश्चिमेला एक मोठी खाडी आहे, तिच्या तोंडावर रस्त्याचा पूल. आत-बाहेर जाणाऱ्या शिडाच्या बोटींसाठी तो दिवसातून काही ठरावीक वेळी उचलतात. तेव्हा दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते.

"रेल्वे फाटक हाय हे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "फाटकाची मले सांगू नको. अर्धं आयुष्य फाटकावर गेलं." त्यांनी पुलाच्या वेळा लाल पेनाने लिहिल्या.

किनारा कोणता, यावर वेगळा गोंधळ झाला. पूर्वेचा मोठा किनारा मी काढून टाकला, कारण त्याच्या एका टोकाला लोक कपड्यांशिवाय बसतात. बहिणींना हे सांगणं भाग होतं. नोरीन म्हणाली, "देवा रे. फिलला तिथेच बसव." फिलने विचारलं, "तिथे सावली आहे का?" बाबांना मात्र काय सांगणार? ते रोज विचारायचे, "हा बीच काऊन काढला? रस्ता तं सरळ हाय, फाटकही नाही."

"बाबा, तिथे शेवाळ येतं," मी म्हटलं. हे खरंही होतं. त्या बाजूला उन्हाळ्यात समुद्रातून तपकिरी शेवाळाचे ढीग येतात, त्यांना कुजका वास येतो. पण त्यांचं समाधान होईना. शनिवारी त्यांनी परस्पर रॉयला विचारलं. दोन दिवसांनी जेवताना मान वर न करता म्हणाले, "शेवाळ लय हाय म्हणते तो."

शेवटी पश्चिमेचा मलेट बे ठरला. पाणी शांत, वाळू मऊ, सावलीला झाडं, बाजूला बाथरूम असलेला छोटा बार. तिथून विमानांचा किनारा चालत पंधरा मिनिटांवर. अर्धं बेट डचांचं, अर्धं फ्रेंचांचं, हे ऐकून नोरीन सावध झाली. डंडॉक उत्तर आयर्लंडच्या सीमेलगत, तिथल्या माणसाला बॉर्डरबद्दल सांगावं लागत नाही. तरुणपणी ती आईबरोबर पलीकडे लोणी आणायला जायची, परत येताना कोटाखाली लपवून. "किती चेकपोस्ट आहेत?" तिने विचारलं.

"एकही नाही. रस्त्याच्या कडेला एक पाटी आहे."

"मग ती बॉर्डर कसली," ती म्हणाली. तिची थोडी निराशाच झाली.

दोन हजार एकवीसच्या वसंतात क्रूझ पुन्हा रद्द झाली. दोघींनी फोन करून मला धीर दिला, वेगवेगळा. अखेर डिसेंबर ठरला. वीस महिने मी आणि बाबांनी त्या आठ तासांवर काढले होते. टॅक्सीच्या पायरीची उंचीसुद्धा आम्हाला माहीत होती, कारण फिलचा गुडघा दुखायचा. बाबांनी एक सूचना केली, दोघींनी औषधं खोलीत न ठेवता तीन दिवसांची सोबत घ्यायची. "आठ तासांसाठी तीन दिवसांची?" नोरीनने विचारलं. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांचा हट्ट आहे. "युअर मॅन म्हणतोय तर घेते," ती म्हणाली. युअर मॅन म्हणजे इथे 'तो अमका'. बाबांना मी याचा अर्थ सांगितला नाही.

आता चूक कुठे झाली ते सांगते. फ्लोरिडाहून निघालेली बरीच जहाजं वाटभर फ्लोरिडाचंच घड्याळ ठेवतात. सेंट मार्टिनचं घड्याळ त्याच्या एक तास पुढे. या जहाजाने प्रवाशांना साडेतीनला परत बोलावलं होतं आणि चारला ते सुटणार होतं. फ्लोरिडाचे साडेतीन म्हणजे बेटावरचे साडेचार, असा माझा हिशेब. जहाजाचं घड्याळ फ्लोरिडाचंच राहणार ना, हे मी आधीच्या प्रवाशांकडून ऐकलेल्या माहितीवर धरून चालले. आणि दुसरी चूक जास्त वाईट. एरवी मी माणसांना तासभर आधी धक्क्यावर आणायचे. पण नोरीनला अजून पोहायचं होतं, फिलला तीन वाजताचं मोठं विमान बघायचं होतं, आणि मलाही वाटलं की वीस महिने थांबल्यात तर घेऊ दे अर्धा तास. कागदावर लिहिलं, किनाऱ्यावरून सव्वातीनला निघा.

तो दिवस उजाडला. बेटाचं घड्याळ आमच्यापेक्षा चार तास मागे. आमच्या दुपारी एक वाजून दोन मिनिटांनी नोरीनचा मेसेज आला, "जहाजातून उतरलो." बाबांनी वहीत वेळ लिहिली. रॉयचा मेसेज आला, दोघी बसल्या, एक पुढच्या सीटवर, एक सगळ्यात मागच्या. मग चार-पाच तास शांतता. मी भाजी निवडली, बाबा टेबलावरून उठले नाहीत.

संध्याकाळी सहा-वीसला नोरीनचे फोटो आले. बारमधलं वायफाय लागलं असावं. पहिल्या फोटोत ती जहाजाच्या दारात उभी, टोपी, गॉगल, चेहऱ्यावर हसू. मी म्हटलं, "किती छान दिसतेय." बाबांनी मोबाइल हातातून घेतला आणि फोटो मोठा केला.

"पोरी, हे मागचं घड्याळ पाह्य."

दाराच्या वर घड्याळ होतं. नऊ वाजून दोन मिनिटं.

"ती उतरली तवा आपल्याकडं एक-दोन झाले होते. बेटावर नऊ-दोन. जहाजाचं घड्याळ फ्लोरिडाचं असतं तं आठ-दोन दिसलं असतं." त्यांनी वही माझ्याकडे वळवली. "जहाजानं घड्याळ बदललं. त्याईचे साडेतीन म्हणजे बेटाचेच साडेतीन."

बेटावर तेव्हा दोन-वीस झाले होते. साडेतीनला सत्तर मिनिटं. बाबा म्हणाले, "रॉयले लाव. रडू नंतर."

रॉय दुसऱ्या कुटुंबाला विमानतळावर सोडायला निघाला होता, अजून वाटेतच होता. म्हणाला, वीस-पंचवीस मिनिटांत मलेट बेला पोचतो. नोरीन फोन उचलेना. बारचा नंबर माझ्याकडे होता. बारमधल्या बाईने पाण्याच्या कडेला जाऊन नावाने हाका मारल्या, त्या मला फोनवर ऐकू येत होत्या. बऱ्याच वेळाने धापा टाकत नोरीन आली.

"नोरीन, लगेच निघायचंय. जहाज तासभर आधी सुटणार आहे. चूक माझी आहे. फिल कुठे आहे?"

"विमानं बघायला गेली. एक वाजता."

"तिचा फोन?"

"तो तिने जहाजावर ठेवलाय. तिला कोण फोन करणार आहे?"

मी म्हटलं, रॉय येईल, तुम्ही बसा, वाटेत तिला घ्या. ती मिळाली नाही तर तुम्ही तरी जहाज गाठा. नोरीनचा आवाज बदलला. "मी तिला सोडून जाणार नाही," ती म्हणाली. "हे पुन्हा बोलू नकोस."

पावणेतीनला रॉयने तिला घेतलं, पाच मिनिटांत विमानांच्या किनाऱ्यावर. फोन त्याने समोरच्या स्टँडवर चालूच ठेवला होता. आम्हाला फक्त व्हॅनचं छत आणि रॉयचा कान दिसत होता. तो उतरला, परत आला. "सापडल्या. बारमध्ये बसल्यात. आईस्क्रीम खातायत."

"त्यांना सांग, जहाज सुटतंय."

"सांगितलं. म्हणाल्या, हे संपवते."

नोरीन उतरून गेली. नऊ वर्षांनी ती बहिणीला थेट पहिलं वाक्य काय बोलली, ते रॉयने मला सांगितलं नाही. म्हणाला, माझी आई चर्चला जाते, असले शब्द मी तोंडातून काढत नाही. तरीही आईस्क्रीम संपायला दहा मिनिटं लागली. व्हॅन निघाली तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि बाबा वहीतल्या लाल आकड्यांकडे बघत होते.

"फाटक पडलं," ते म्हणाले.

पूल तीनला उचलला होता. रॉय म्हणाला रांग विमानतळापर्यंत आलीय. बाबांनी इंग्रजीत हुकूम दिला, "रॉय, डोंट स्टँड. फ्रेंच साईड. राऊंड." म्हणजे उलटं फिरून फ्रेंच बाजूने, मारिगो गावातून, अख्ख्या बेटाला वळसा. रॉयने गाडी वळवली. बॉर्डरची पाटी आली तेव्हा मागून नोरीनचा आवाज आला, "हीच का ती?" आणि फिल म्हणाली, "हीच. लोणी लपव." नंतर मी हे पुष्कळदा आठवलं. त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही, मी मिनिटं मोजत होते.

मारिगोत बाजाराची गर्दी होती. दोन वळणं, एक ट्रक, एक शाळेची बस. चार वाजून पाच मिनिटांनी व्हॅन धक्क्यावर पोचली. रॉयने मोबाइल उचलून काचेसमोर धरला. जहाज सुटलं होतं. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये एका व्हॅनएवढं पाणी होतं आणि ते रुंद होत होतं. बाल्कन्यांमधून लोक हात हलवत होते. नोरीनने शिष्टाचार म्हणून उलट हात हलवला.

मी तिथेच टेबलावर डोकं ठेवलं. बाबांनी वहीत वेळ लिहून पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "एकदा मी वऱ्हाडाची स्पेशल गाडी सोडली. टाइम झाला, सोडली. नवरदेव पान खाले उतरला होता."

"मग?"

"मंग काय. दूधवाल्याच्या फटफटीवर गेला."

"लग्न झालं?"

"झालं नं. तीन लेकरं हाय त्याले. त्यातली एक माह्याच आगारात कंडक्टर झाली." त्यांनी पेन उघडलं. "आता दुसरी गाडी पाहू. त्या दोघीईले झोपाले जागा पाहिजे."

अशा वेळी जहाजवाले खोलीतल्या तिजोरीतून पासपोर्ट काढून बंदरावरच्या एजंटकडे ठेवतात. तो एजंट पाकीट घेऊन उभाच होता, म्हणजे हा प्रकार त्याला नवा नव्हता. औषधं दोघींच्या पिशवीत होती. रॉयच्या मेव्हणीकडे पाहुण्यांसाठी एक खोली होती, एकच मोठा पलंग. पुढे जहाज दोन दिवस नुसतं समुद्रातून फ्लोरिडाला जाणार होतं, तेव्हा बुडालं ते तेवढंच. सामान भाची पाठवणार होती. कोविडची टेस्ट आणि विमानात जागा मिळेपर्यंत तीन दिवस गेले. मी त्यांना पॅरिसमार्गे डब्लिनची तिकिटं काढून दिली.

मी रोज फोन करायचे, माफी मागायला. पहिल्या दिवशी नोरीन म्हणाली, रात्रभर भांडलो, नऊ वर्षांचं होतं, वेळ लागला. दुसऱ्या दिवशी फोन फिलने उचलला आणि म्हणाली, ती पाण्यात आहे, मी खुर्ची सांभाळतेय. तिसऱ्या दिवशी कोणीच उचलला नाही. रॉय म्हणाला, दोघी मेव्हणीबरोबर बाजारात मासे आणायला गेल्यात.

नाताळच्या आधी त्या आमच्याकडे आल्या, फिल किलकेनीहून, नोरीन डंडॉकहून, दोघी पोर्टलीश स्टेशनवर भेटून. बाबांना बघायला आल्या होत्या, कारण ते जानेवारीत परतणार होते. नोरीनने आल्या आल्या आमचं कपांचं प्रेस, म्हणजे कपाट, स्वतःच उघडलं आणि कप मांडले. बाबांनी शंकरपाळे दिले. मी तयार करून ठेवलेलं वाक्य बोलले, की चूक पूर्ण माझी होती, मी कधी ते बेट पाहिलेलं नाही, हेही मी तुम्हाला सांगायला हवं होतं. नोरीन म्हणाली, "तू तिथे गेलेली नाहीस हे मला पहिल्याच फोनला कळलं होतं. गेलेली माणसं इतकं नीट सांगत नाहीत."

मग बाबा तिला मागच्या अंगणात लावलेली मेथी दाखवायला घेऊन गेले. थंडीत ती मेलेलीच होती, पण त्यांनी दाखवली. टेबलाशी मी आणि फिल राहिलो. तिने शंकरपाळ्याचा तुकडा बशीत ठेवला.

"घड्याळाची घोषणा मी ऐकली होती," ती म्हणाली. "आदल्या दिवशी, जेवायला बसताना. नोरीन कानातलं मशीन काढून बसली होती. मी माझं घड्याळ पुढे केलं."

मला आधी कळेचना. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग नोरीनला का नाही सांगितलं?"

"आम्ही बोलत नव्हतो ना." ती खिडकीतून बाहेर बघत होती. नोरीन वाकून त्या मेलेल्या मेथीची चौकशी करत होती. "आणि जहाजावर दोन खोल्या होत्या. दोन दिवसांनी ती डंडॉकला जाणार, मी किलकेनीला. मी तिथे बसून घड्याळाकडे बघत होते. म्हटलं, एकदा आधी निघून गेले होते, या खेपेला उठायचंच नाही. ते आईस्क्रीम मला नकोच होतं."

एवढ्यात मागचं दार उघडलं आणि नोरीन हात चोळत आत आली. फिलने बशीतला तुकडा तोंडात टाकला.

पुढच्या वर्षी मी हे काम बंद केलं. आता इथल्या एका दवाखान्यात अपॉइंटमेंटच्या खिडकीशी बसते, तिथेही उशिरा येणाऱ्यांसाठी कोणी थांबत नाही. फिलच्या त्या आईस्क्रीमचं खरं कारण बाबांना मी मागच्या दिवाळीत फोनवर सांगितलं. लाइनवर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मंग ती गाडी आपल्या नावावर लेट नाही धरायची."

नोरीनला मात्र अजून माहीत नाही. तिच्या मते ते सगळं माझ्या चुकीमुळे झालं, आणि त्याबद्दल ती दर नाताळला माझे आभार मानते. तिला कळू देणार नाही असा मी फिलला शब्द दिलाय, म्हणून हे मराठीत लिहिलं. डंडॉकमध्ये आता पुष्कळ मराठी घरं झाली आहेत, आणि नोरीन शेजाऱ्यांकडे चहाला जाणारी बाई आहे. तिथे हा अंक पोचला तर वाचणाऱ्यांनी तिला एवढंच सांगावं, की यात पाककृती आहेत.